सीतालक्ष्मी का येत नाही

शुद्धीवर आल्याबरोबर वेंकटरावांनी नर्सला विचारलं, "माझी बायको कुठाय?"

छातीवर गळ्यापासून खाली उभी पट्टी होती. दोन नळ्या पोटातून, एक हातातून. परवा शहराबाहेरच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टर्समधून ते निघाले होते ते गॅसवरची गोळी लिहून आणायला. आदल्या दिवशी लग्नात दोन वडे जास्त झाले होते, दुसरं काय! डॉक्टरांनी ईसीजी काढला, तोंड लांब केलं आणि दुसऱ्या सकाळी छातीच उघडली. तीन रक्तवाहिन्या बंद. अठ्ठावन्न वर्षांत ज्या माणसानं साधा दात उपटून घेतला नव्हता, त्याची ही गत!

सीतालक्ष्मी आली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

"घरचं सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "तुमच्या आई जेवल्या. माधव इरुंगाट्टुकोट्टैला कामावर गेला. तुम्ही गप पडून राहा."

"तू मात्र येत जा. मला भीती वाटते गं."

तीन दिवस ती आली. चौथ्या दिवशी नाही.

तिच्याऐवजी मैलापूरला दिलेली मुलगी नित्या डबा घेऊन आली. "अम्माला सर्दी झालीय, अप्पा. तुम्हाला लागण व्हायला नको."

"मग फोन लाव."

"घसा बसलाय तिचा."

पाचव्या दिवशी सर्दी होती, सहाव्या दिवशी ताप. नित्याचे डोळे सुजलेले होते. विचारलं तर म्हणाली, झोप नाही. वेंकटराव छताकडे बघत पडून राहिले. सर्दीनं माणूस फोनवर एक शब्द बोलू शकत नाही होय?

सातव्या दिवशी माधव आला. डोक्यावर टोपी. नर्सनं ती काढायला लावली, तर खाली चक्क तुळतुळीत गोटा!

"तिरुपतीचा नवस, अप्पा. तुमच्यासाठी."

"कधी गेलास?"

"काल. म्हणजे परवा."

देवापुढे हात जोडतानाही मोबाईल बघणारा हा पोरगा. वेंकटरावांनी त्या गोट्याकडे पुन्हा पाहिलं. मुलगा डोकं कधी भादरतो, हे त्यांना कुणी शिकवायला हवं होतं का? बाप गेला की, नाहीतर आई गेली की. आणि बाप तर इथे ढळढळीत जिवंत पडला होता.

"बरं केलंस," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी सीतालक्ष्मीबद्दल विचारणं सोडलं. विचारलं असतं तर पोरांना आणखी खोटं बोलावं लागलं असतं. खोकला आला की छातीशी घट्ट धरायला दवाखान्यानं एक उशी दिली होती. तीच तोंडावर धरून ते रडायचे. नर्स आली की म्हणायचे, खोकला. ऑपरेशनची भीती ती काय, भूल दिली की संपली. आता घरी जायची भीती होती. कॉफी कोण देणार, ओरडणार कोण? शुगर उतरेना म्हणून डॉक्टर सोडत नव्हते, ते बरंच वाटत होतं.

चौदाव्या दिवशी दाराबाहेर नित्या फोनवर हळू आवाजात बोलत होती. "शुक्रवारी तेरावा. भटजींना सांगितलंय. चाळीस पानं धरा."

वेंकटरावांनी बोटांवर मोजलं. शुक्रवारपासून मागे तेरा दिवस. सीतालक्ष्मी पहिल्यांदा आली नाही, तोच दिवस.

नित्या आत आली. ते म्हणाले, "मला कळलंय."

ती जागच्या जागी थांबली. "कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? माधवचं डोकं मला दिसत नाही का?"

नित्याला हुंदका फुटला. "धक्का नको म्हणाले होते डॉक्टर. आम्ही काय करणार, अप्पा?"

"फार त्रास झाला का?"

"नाही. झोपेतच. आदल्या दिवसभर तुमचं नाव घेत होती."

सीतालक्ष्मीनं छत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. नर्सनं पेशंटचं नाव विचारलं तेव्हासुद्धा माधवला पुढे केलं होतं. शेवटी घेतलंन म्हणजे! वेंकटराव उशी न धरताच रडले, टाके ताणले गेले तरी रडले.

"मला शुक्रवारी घरी न्या," ते म्हणाले.

डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. शुक्रवारी दुपारी गाडी आवडीला पोचली. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत केळीची पानं मांडली होती, भटजी काही म्हणत होते. वेंकटराव गाडीतून उतरले. माधवनं एका बाजूनं धरलं, नित्यानं दुसऱ्या. उंबऱ्यावर ते थांबले.

"मला नाही जमणार," ते म्हणाले.

तेवढ्यात हात पुसत सीतालक्ष्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"अय्यो! तू आहेस!" वेंकटराव ओरडले. "अगं, तू आहेस!" त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. चाळीस माणसांच्या देखत ते खदखदा हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पोरांकडे बघून म्हणाले, "आहे रे ही! मला वाटलं..."

कुणीच हसलं नाही. भटजीही थांबले.

"मी आले असते तर माझं तोंड बघूनच तुम्ही ओळखलं असतंत," सीतालक्ष्मी म्हणाली. "तुम्ही तिकडे, म्हणून तुमच्या जागी माधवनं सगळं केलं."

तिच्या मागे खुर्चीवर हार घातलेला फोटो होता. राजसबाईंचा. त्यांच्या आईचा.

"रोज विचारायच्या," सीतालक्ष्मी म्हणाली, "'वेंकूनं माझी चौकशी केली का गं?' मी हो म्हणायचे."