दोन शहरांचं एक अंगण

"चेहरा फोटोत बघितलाय. मला तिचं बोलणं बघायचंय," रत्नाबाई मुलाला म्हणाल्या. "आईसमोर सगळ्याच मुली गोड बोलतात. तो चष्मा माझ्या डोळ्यांवर चढव."

रणजीतने कपाळाला हात लावला.

नाट्यविभागाची ही खोली बेंगळुरूच्या एका विद्यापीठातली. तशीच दुसरी पुण्यात. दोन्ही विद्यापीठांनी मिळून एक आभासी रंगमंच उभारला होता. इथून रणजीत नायक व्हायचा, तिथून भूमिका नावाची मुलगी नायिका. चष्मे चढवले की दोघं एकाच अंगणात उभे. चष्मा कुणीही घालो, अंग आणि आवाज पात्राचाच. दोन शहरांतल्या नटांचं असं जुळतं का, यावर संशोधन चाललं होतं. या दोघांचं जरा जास्तच जुळलं. आता सगळं अडलं होतं रत्नाबाईंच्या होकारावर.

त्यांना एकच धास्ती होती. नवरा गेल्यापासून जवळच्या होसकोट्याच्या घरात मायलेक दोघंच. सून आली की आपली अडगळ व्हायची.

"आई, ही फसवणूक आहे."

"स्वल्प फसवणूक. लग्नात चालते."

तालमीची वेळ झाली होती. रणजीतने हार मानली, चष्मा आईला चढवला आणि समोरच्या पडद्यावर नजर लावली. देखणा नायक नसलेला पदर सावरत अंगणात उतरला. झोपाळ्यापाशी उभ्या नायिकेला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

"जेवलीस?" नायकाने विचारलं.

"जेवले. तू?"

"झालं माझं. एक विचारते... विचारतो. लग्नानंतर माझी आई आपल्याजवळच राहील. चालेल?"

"चालेल काय? राहायलाच हवी! उतारवयात बाईमाणसाने एकटीने दिवस ढकलायचे ते कुणाच्या तोंडाकडे बघून?"

रत्नाबाई पदर नाकाला लावून बोलल्या. नायकाचा आवाज मात्र खणखणीत निघाला. "शहाणी गं माझी पोर!"

रणजीतने डोळे मिटून घेतले.

"आणि माझी आई?" नायिका हळूच म्हणाली. "तीही एकटीच आहे. चार दिवस आली तर कपाळाला आठ्या नाही ना पडणार?"

"चारच दिवस कशाला? चांगली दोन महिने राहू दे. दुपारी गप्पा मारायला आईलाही सोबत होईल."

 नायिकेने हात जोडले.

चष्मा उतरवला तेव्हा रत्नाबाईंचे डोळे ओले होते, पण चेहरा कसा उजळला होता. "सरी," त्यांनी कानडीत होकार भरला. "ठरलं! दिवा घेऊन शोधली तरी अशी मुलगी मिळायची नाही. पेढे आण."

रणजीतला आनंद आवरेना. पण भूमिकाला खरं सांगायलाच हवं होतं. तो फोन उचलतोय, तोवर तिचाच आला.

"रणजीत, रागावू नकोस हं," ती चाचरत म्हणाली. "आईने हट्टच धरला, म्हणून आज चष्मा तिला दिला होता. पण तू तिला फार आवडलास. म्हणते, इतका पोक्त मुलगा हल्ली बघायला मिळत नाही."