हुंकारा

धुरपदाने दीड पान वाचलं, समोरच्या शंभरेक माणसांकडे एकवार पाहिलं आणि कागदांची घडी घालून ती सरळ आपल्या जागेकडे निघाली.

शिरूरच्या वाचनालयात नव्या लेखकांचं कथावाचन चाललं होतं. पुण्याच्या एका मासिकाचे संपादक वैशंपायन मुद्दाम आले होते. पाचांपैकी एकाची कथा ते दिवाळी अंकात घेणार होते. आधीच्या चौघांच्या नायिका शेवटच्या पानावर क्षयाने गेल्या होत्या. चौथी गेली तेव्हा वैशंपायनांनी चष्मा काढून डोळे पुसले, पण ते रडू नव्हतं, झोप होती.

वाचनालयाचे चिटणीस चांदभाई कासावीस झाले. वडगाव रासाईच्या या चौथी शिकलेल्या बाईचं नाव त्यांनीच अध्यक्षांच्या मागे लागून यादीत घालून घेतलं होतं.

"धुरपदाबाई, वाचा की पुढं!"

"कुनाला वाचू, चांदभाई? समदी झोपल्यात."

"कोणी झोपलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. आवाज करायचा नाही, अशी ताकीद त्यांनीच सुरुवातीला दिली होती. "आम्ही लक्ष देऊन ऐकतोय."

"ऐकताय तर हुंकारा कुठं हाय? आमच्यात गोष्ट चालू असली की येकानं तरी 'हूं' म्हनायचं. हुंकारा थांबला की सांगनारा बी थांबतो. निजलेल्या मानसाला काय सांगायचं?"

सभा खो खो हसली. वैशंपायन मात्र हसले नाहीत. ते खुर्चीच्या कडेला आले होते.

"बाई, तुमच्या कथेतली मेंढरं भीमेच्या मधोमध उभी आहेत. तशीच सोडून चाललात?"

"म्या न्हाई सोडली. तुम्ही सोडली."

"बरं, मी देतो हुंकारा. वाचा."

धुरपदाने घडी उलगडली. "म्होरक्या मेंढा पान्यात अडला."

"हूं." पहिला हुंकारा वैशंपायनांनी कडू औषध घेतल्यासारखा दिला. दुसरा जरा बरा आला. चौथ्या-पाचव्यापासून त्यांना लय सापडली. पाणी छातीला लागलं. मेंढीवालीने कोकरू खांद्यावर घेतलं. तिच्या पायाखालची वाळू सरकली.

धुरपदा थांबली. वैशंपायन तोंड उघडं टाकून बसले होते, हुंकारा द्यायचंच विसरले होते.

"हूंऽऽ!" सगळी सभा एकदम ओरडली. त्यात अध्यक्षही होते.

मेंढरं पैलतीराला लागली तेव्हा टाळ्यांनी वाचनालय दणाणलं. चांदभाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी शेजारच्या माणसाच्या पाठीवरच दोन थापा मारल्या. वैशंपायन स्वतः उठून पुढे आले.

"ही कथा दिवाळी अंकात छापणार. द्या ते कागद."

धुरपदाचा चेहरा उजळला. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कागद पुढे केले. वैशंपायनांनी ते धरले, पण तिच्या हातून काही सुटेनात.

"आन् छापल्यावर वाचनारा तिकडं लांब, आपल्या घरात बसून वाचनार न्हवं?"

"हो."

"मग त्यो जागा हाय का झोपलाय, हे मला हितं कसं कळायचं?"

वैशंपायनांनी चष्मा काढला.

"वीस वर्षं अंक काढतोय, बाई. मलाही अजून कळलेलं नाही."