माल उतरवायची जागा

सकाळी दहाला बाबा बांधकामावर आले आणि त्यांनी मुकादमाच्या हातातला वॉकीटॉकी मागून घेतला. वर क्रेनच्या केबिनमध्ये लेकीला त्यांचा आवाज ऐकू आला.

"खाली उतर. अकराला बँकेत मुलाखत आहे. त्यासाठी किती उंबरे झिजवलेत मी. तुला पंख्याखाली खुर्चीत बसलेलं बघायचंय मला."

"खुर्चीतच बसलेय, बाबा. वाराही भरपूर आहे. मी हेच काम करणार, कालच सांगितलं."

बाबा हट्टाला पेटले. सळ्या उतरवायला मोकळी ठेवलेली एकच जागा होती, तिथे मधोमध जाऊन ते उभे राहिले. "तू उतरल्याशिवाय मी हलणार नाही."

तिने हवेतली सळ्यांची मोळी त्यांच्यापासून लांब नेऊन थांबवली. "माल टांगलेला असताना मला केबिन सोडता येत नाही. आणि तुम्ही हलल्याशिवाय तो उतरवता येत नाही."

"मला शिकवू नकोस."

"बरं."

मुकादम शेजारच्या गवंड्याला म्हणाला, "खाण तशी माती. चल, आपण चहा घेऊ."

अकरा वाजून गेले तेव्हाही मोळी हवेतच होती आणि बाबा जागचे हलले नव्हते.