देविकाची भिंत

“अजून मोठं तोंड उघडा ना. घशातून केस बाहेर येतायत असं समजा.”

सुखदाने आ वासला आणि डोळे फाडले. समोर बसलेली देविका भराभर रेघा मारत होती. तेवढ्यात शेजारच्या मल्होत्रा आंटी वाटी घेऊन दारात आल्या आणि साखर न मागताच परत फिरल्या. देविका खुदकन हसली. सुखदाला तेवढं हसू आठवडाभर पुरलं.

पुरवावंच लागे. उन्मेषशी लग्न करून सुखदा पुण्याहून दिल्लीत, आर. के. पुरमच्या या सरकारी क्वार्टरमध्ये आली, तेव्हा त्याची पहिली बायको मृणाल जाऊन तीन वर्षं झाली होती. देविका बारा वर्षांची होती. सावत्र आईला काय म्हणायचं ते पोरीने कधी ठरवलंच नाही, नुसत्या ‘तुम्ही’वर भागवलं. सारा वेळ डोकं त्या जपानी भुताखेतांच्या चित्रकथांत. सुखदा पालीलाही घाबरणारी. ती पुस्तकं उघडायची तिची छातीच होत नसे, मुखपृष्ठ बघूनच अंगावर काटा यायचा. शाईची पेनं मात्र न चुकता तीच आणून द्यायची.

देविकाने चित्रं काढायला आपल्या खोलीची एक भिंत मागितली, तेव्हा उन्मेषने सरकारी नियम काढले. क्वार्टर सोडताना रंग देऊ की, म्हणत सुखदाने त्याला गप्प केलं. पूर्ण होईपर्यंत आत कुणी यायचं नाही, एवढीच देविकाची अट होती.

दरम्यान सुखदाच्या गुडगावच्या ऑफिसने तिला पुण्याची जागा देऊ केली. तू ठरव, उन्मेष म्हणाला. सुखदाने त्याला सरळच सांगितलं होतं, पोरीला मी थोडीशी जरी हवी असले तरी जाणार नाही. पण ते कळणार कसं? विचारायची सोय नव्हती.

त्या दुपारी आँधी आली. देविकाच्या खोलीची खिडकी धडाधड आपटत होती, म्हणून सुखदा अट मोडून आत धावली. खिडकी लावली, अंधारलं म्हणून दाराशी येऊन दिवा लावला आणि भिंत दिसली.

दारालगतच्या पहिल्या चित्रात तीच होती. नाकाला कणीक लागलेली, हसणारी. ओट्यावर एक मुलगी पाय हलवत बसलेली. सुखदाचा जीव सुपाएवढा झाला.

पुढच्या चित्रात मुलगी ओट्यावरून उतरली होती. त्यापुढे बाईच्या किंचाळत्या तोंडातून केस निघून घरभर पसरले होते. मग डोळे गेले, मग ओठ. अगदी शेवटी, उजव्या टोकाला खिडकीजवळ, चेहराच नसलेली लांब मानेची बाई बॅग घेऊन दारात उभी होती. मुलगी पलंगाखाली लपलेली, नुसती बोटं दिसत होती.

बॅग सुखदाचीच होती, तुटक्या चाकाची.

म्हणजे आधी जरा तरी आवडत होते, तिला वाटलं. मग काय चुकलं माझं? तिला रडू आवरेना.

देविका शाळेतून आली तेव्हा तीच बॅग पलंगावर उघडी होती.

“कुठे जाताय?”

सुखदाने सगळं सांगितलं. आँधीचं, खिडकीचं, पुण्याचं. रागावले नाहीये गं, म्हणाली, पण तुला नको असताना मी इथे राहून काय करू?

देविका गोंधळली. “पण शेवटचं चित्र बघितलंत ना?”

“तेच बघितलं, बाळा. बॅगवालं. चेहरा नसलेलं.”

देविकाने दप्तर तिथेच टाकलं, सुखदाचा हात धरून तिला ओढत खोलीत नेलं आणि खिडकीजवळ उभं केलं.

“इथून बघ ना, यार. जपानी गोष्ट उजवीकडून सुरू होते.”