जहाजावर बघायचा कार्यक्रम

उल्काला बघायला पाहुणे आले ते थेट जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदराच्या धक्क्यावर, कारण जहाज सोडून तिला हलता येत नव्हतं. परवा ते उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात निघणार होतं, तिथल्या एका बेटापर्यंत टेलिफोनची केबल टाकायला. ती केबल जहाजात भरून घ्यायची जबाबदारी उल्काची होती.

मुलगा, तनय, जर्मनीतच गार्चिंगला पीएच.डी. करत होता. त्याचा होकार कधीच झाला होता. प्रश्न नाशिकहून आलेल्या त्याच्या आईवडिलांचा, सुरेखाताई आणि आत्मारामरावांचा होता. मेसमध्ये कूकने कॉफी आणि सफरचंदाचा केक मांडला. उल्का हेल्मेट काढून बॉयलरसूटमध्येच बसली. गाव, शिक्षण, घरची माणसं विचारून झाल्यावर आत्मारामराव मुद्द्यावर आले.

"लग्नानंतरही जहाजावर जाणार?"

"हो काका, जाणार."

या उत्तरावर आधीची दोन स्थळं परत गेली होती. मग सुरेखाताई उठल्या आणि केबल बघायची म्हणाल्या.

आत्मारामराव वर कठड्याशी थांबले. सुरेखाताई पदर खोचून उल्का आणि तनयबरोबर शिडीने केबल साठवायच्या गोल टाकीत उतरल्या. कारखान्यातून सरकत येणारी केबल माणसं गोल फिरत वेटोळ्यात बसवत होती. त्या बेटावर आता फोन कसे होतात, असं सुरेखाताईंनी विचारलं. उपग्रहावरून, उल्का म्हणाली. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघं एकदमच बोलतात, मग दोघंही गप्प बसतात.

सुरेखाताईंना हसूच आवरेना. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलवर ओरडणारी माणसं त्यांनी वर्षानुवर्षं ऐकली होती. बसलेल्या वेटोळ्यावरून त्यांनी हात फिरवला.

"परत कधी येशील?"

"ऑक्टोबरमध्ये. समुद्र गोठायच्या आत."

सुरेखाताईंनी मान वर केली. "अहो, मुहूर्त डिसेंबरचा बघा."

"ऐकलं," आत्मारामराव वरून म्हणाले. तेही हसत होते.

या बाई कोण, असं फोरमनने उल्काला विचारलं. तिने जर्मनमध्ये एकच शब्द सांगितला. फिरणारी माणसं हसली, तनय कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणाली रे?" सुरेखाताईंनी त्याला विचारलं.

"सासूबाई."