लाल पातेलं

बाबांनी सोलून ठेवलेला क्रॉफिशचा, गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचा, ढीग आईने पातेल्यात लोटला आणि घरभर ठसका उठला. रविवारची दुपार होती.

खाली कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची परतलेली होती, लुइझियानात घरोघरी परततात तशी. त्यावर धुरावलेलं सॉसेज, आंबवलेल्या मिरचीचा लाल गोळा आणि शेवटी त्तोक, म्हणजे तांदळाच्या बोटभर लांब, चिवट कांड्या. सेऊलमधल्या कुणी याला त्तोकबोक्की म्हटलं नसतं. बाबांना मात्र हीच लागायची.

"यूनजू, ये. गरम आहे तोवर," बाबा म्हणाले. सगळ्यात मोठे क्रॉफिश त्यांनी निवडून तिच्या वाटीत टाकले. ती चाळिशीला आली होती, तरी रविवारी घरी आली की ते तसंच करायचे.

आई बसली नाही. ओट्याला टेकून ती बाबांकडे पाहत राहिली. त्यांनी पहिला घास तोंडात घातला, चावला, गिळला. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"तू नाही घेत?" बाबांनी विचारलं.

"जबडा दुखतोय. त्तोक चावत नाही."

"मग भात खा."

वळताना तिच्या हातून झाकण निसटलं. फरशीवर ते बराच वेळ घणघणत राहिलं. उचलायला कुणी वाकलं नाही. बाबांनी मान वर केली, आईकडे पाहिलं, मग हसले.

"असू दे. आज रविवार आहे."

सोमवारी सकाळी धक्क्यावर एका बोटीचं इंजिन उघडता उघडता ते कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

पिलजा आत्याला ते पटलं नाही. ती बाबांची थोरली बहीण. अंत्यविधीसाठी ह्यूस्टनहून आली आणि यूनजूला तिने कोपऱ्यात घेतलं.

"शेवटचं काय खाल्लं त्यानं घरात?"

"त्तोकबोक्की."

"कुणी कुणी खाल्ली?"

"बाबांनी. मी."

"आणि तुझ्या आईनं, मालसूननं?"

यूनजूने मान वळवली. आत्याला तेवढं पुरलं.

मग वर्षभर तिचे फोन येत राहिले.

"तुमच्या शेजारणीला विचारलं मी. तुझी आई भरदुपारी झोपते म्हणे. घोरते म्हणे! माझा भाऊ मातीत, आणि ही अंगानं भरली. नवरा गेलेली बाई अशी दिसते का गं?"

"दमलेली असते, आत्या."

"कशानं? दोन भांडी घासून? मला शिकवू नकोस. वर्षश्राद्धाला येतेय मी. त्याच्या फोटोसमोर तिच्या तोंडून वदवून घेईन. नाहीतर सरळ पोलिसांत जाईन."

यूनजूने हे आईच्या कानावर घातलं. आई मुळ्याची पानं निवडत होती.

"येऊ देत वन्सं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिचा हात थांबला. "त्या दिवशी तेही येणार, नाही का?"

"कोण?"

"तुझे बाबा. श्राद्धाला बोलावलं की येतातच."

त्या दिवसापासून आईची झोप पुन्हा उडाली. 

श्राद्धाच्या संध्याकाळी आत्या आली ती चपला काढून थेट ओट्याकडे. एकेक झाकण उचलून तिने वास घेतला. उकडलेला मासा, पांढरा भात, मुळ्याचं फिकट सूप. शेवटचं झाकण उचलताच तिला ठसका लागला.

"हे कुणी केलं?"

"मी," यूनजू म्हणाली.

"खाऊन दाखव."

यूनजूने खाल्लं.

"मालसून, आता तू. आज सुटका नाही."

आईने कात्री घेतली. एका त्तोकचे बारीक बारीक तुकडे केले आणि एकेक जिभेवर ठेवून गिळत गेली.

"चावत का नाहीस?"

"तोंड नीट उघडत नाही, वन्सं. तेव्हापासून तसंच राहिलंय."

आत्या तिच्याकडे पाहत राहिली. शेवटचा तुकडा गिळला गेला, तशी ती खुर्चीत बसली.

"बरं, विष नाही तर नाही. पण हे पानात वाढणार? लाल मिरची? लसूण? पितर उंबऱ्यावरूनच माघारी फिरतो. आईनं एवढंही शिकवलं नाही तुला?"

"शिकवलंय."

"मग?"

"बाबांना हेच आवडायचं, आत्या. तुम्हाला माहितीये."

आत्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल पडला. तिने बाहीने डोळे टिपले.

"लहानपणी बरणीतली पूड चोरून खायचा. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि म्हणायचा, कुठे तिखट आहे! तो काय मिरचीला भिणार? वाढ, पोरी. मधोमध वाढ." मग आईकडे न पाहता ती म्हणाली, "लेकीचा जीव होता गं त्याच्यावर. माझ्याच मनात पाप आलं."

 आईची नजर त्या लाल वाटीवरून हलत नव्हती.

उदबत्ती लागली. आता घरच्या लेकराने पुढचं दार उघडायचं आणि गेलेल्याला आत बोलवायचं, अशी रीत. यूनजू एकटीच गेली. मागे आत्या हुंदके देत होती.

तिने दार उघडलं. बाहेरून दमट वारा आत आला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मिरची तुमच्यासाठीच घातलीय. माघारी जा. आईला पुन्हा हात लावायचा नाही."