बिनधुराची चूल

“घ्या, बघा मावशी! हाय कुठं काजळी?”

दिलावरने डोक्यावरची पांढरी टोपी काढून मघापासून चुलीवर धरली होती. ती त्याने हरणाबाईंच्या नाकापुढे नाचवली. टोपी होती तशीच पांढरी.

कोरेगावात पत्र्याच्या बादल्या करणाऱ्या या गड्याने बिनधुराची चूल काढली होती. मागे पत्र्याचं नळकांडं, धूर सगळा कौलांबाहेर. सांगलीचा व्यापारी पन्नास चुली उचलायला तयार होता. अट एकच, आधी हरणाबाईंच्या घरी आठ दिवस चालवून त्यांचा होकार आण. कारण या बाईला आजवर कुणाचं काही पसंत पडलेलं नव्हतं.

दिलावर कसला घाबरतोय! त्याने मुद्दाम ओली बाभळ जाळायला दिली होती. आणि खोटं कशाला बोला, चूल होतीच झकास.

“मग सुनंचं डोळं का लाल?” हरणाबाई म्हणाल्या. “आठ दिस झालं, रोज तसंच. धूर हाय तुज्या चुलीला.”

सून बनुबाई मान खाली घालून भाकरी थापत होती. तिचा नवरा सयाजी तिकडे ब्रह्मदेशात लढाईवर. चार महिने पत्र नाही. पण त्याच्या नावाने घरात टिपूस गाळायचं नाही, जित्या माणसासाठी रडणं म्हणजे अपशकुन, असा सासूचा कडक हुकूम होता.

“मावशी, तुमी सवता बसा की चुलीम्होरं,” दिलावर तावातावाने म्हणाला. “धूर लागला, तर चूल नापास म्हणून सांगलीला मीच कळवतो.”

हरणाबाई पदर खोचून सुनेला खेटून बसल्या. आणखी एक ओलं लाकूड आत सारलं. छे! धुराचं नाव नाही. जाळ लख्ख पेटला आणि त्या उजेडात सुनेचं तोंड हातभरावरून दिसलं. गालांवरून पाणी ओघळून पिठात पडत होतं.

हरणाबाई बघत राहिल्या. ओरडायला म्हणून त्या पुढे वाकल्या. त्यांनी सुनेचा पिठाचा हात घट्ट धरला. पोराला लढाईवर धाडल्यापासून पहिल्यांदाच त्या माउलीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

थोड्या वेळाने त्या दिलावरवर खेकसल्या, “बघतोस काय रं? हाय का न्हाई धूर?”

दिलावरने चुलीकडे पाहिलं. पन्नास चुली त्याच्या डोळ्यांपुढून सरकल्या.

“हाय, मावशी,” तो म्हणाला. “लय हाय.”